पिस्तुलाचं काडतूस, रायफलचा दस्ता: माझी आडवळणाची कार्बाइन

पिस्तुलातलंच काडतूस उडवायचं, तर त्यासाठी खांद्याला लावायची वेगळी बंदूक कशाला? हा प्रश्न घरातून आला, नेमबाजीच्या रेंजवरच्या मित्रांकडून आला आणि खरेदीच्या आधी बरेच दिवस माझा मलाही पडलेला होता. पिस्तूल कॅलिबर कार्बाइन, म्हणजे पीसीसी, हा प्रकारच मुळात मधल्यामधला. दस्ता रायफलचा, नळी १६ इंचांची, आणि आत जातं ते कमरेच्या पिस्तुलातलं काडतूस. रायफलचा पल्ला तिला नाही आणि पिस्तुलाचा आटोपशीरपणाही नाही.

९ मिमीच्या पीसीसीबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. काडतूस स्वस्त, जिथे रायफलला मज्जाव असतो अशा बंदिस्त रेंजवरही ती बहुतेक वेळा चालते, आणि पिस्तुलापेक्षा तिने नेम धरणं कितीतरी सोपं, कारण खांदा, गाल आणि दोन्ही हात असा चार ठिकाणी तिला आधार मिळतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता. .४५, १० मिमी, .४०, ५.७ अशा कमी खपाच्या कॅलिबरची (म्हणजे काडतुसाच्या मापाची), किंवा जिचं उत्पादनच केव्हाच थांबलं अशी आडवळणाची कार्बाइन हौशी नेमबाजाने घ्यावी का? मी घेतली. .४५ एसीपीची, वापरलेली, आणि आज ती बनवणारी कंपनी हे मॉडेल बनवत नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते अशा कुठल्याही बंदुकीच्या बाबतीत घडू शकतं.

.४५ च का, तर घरात आधीपासून ग्लॉक २१ हे .४५ चं पिस्तूल होतं. त्याची मॅगझिनं, म्हणजे काडतुसं ठेवायच्या पेट्या, होत्या, आणि काडतुसं मी स्वतः भरतो, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू आणि गोळी बसवतो. .४५ हे हाताने भरायला फार गुणी काडतूस आहे. त्याचा दाब कमी असतो: सामी या अमेरिकी मानक संस्थेने ९ मिमीसाठी ३५,००० पीएसआयची (चौरस इंचाला पौंड) मर्यादा घातली आहे, तर .४५ एसीपीसाठी फक्त २१,००० ची. त्यामुळे पुंगळ्या पुन्हापुन्हा वापरता येतात. एक कटकट मात्र आहे. हल्ली .४५ च्या पुंगळ्या मोठ्या प्रायमरच्याही येतात आणि छोट्या प्रायमरच्याही. जमिनीवरून गोळा केलेल्या ढिगातून त्या वेगळ्या करत बसावं लागतं. एखादी चुकून दुसऱ्यांत मिसळली की काडतुसं भरायचा प्रेस अडकतो आणि सगळी लय बिघडते.

एकच काडतूस, दोन बंदुका ही कल्पना जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतुसाची होती, आणि १८७८ मध्ये कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आणलं. एकाच पट्ट्यातली काडतुसं दोन्हीत चालायची. दुकानं कोसावर असणाऱ्या माणसाला याचं मोल होतं. आजच्या हौशी नेमबाजाला त्या अर्थाने तशी गरज नाही; त्याच्या कपाटात चार प्रकारची काडतुसं असतात. म्हणून मला वाटतं, आज या कल्पनेतलं काडतूस गौण झालंय आणि मॅगझिन मुख्य झालंय. मागच्या चाळीस वर्षांतल्या कार्बाइन पाहिल्या तर हे लक्षात येतं. मार्लिनची १९८५ मध्ये आलेली कॅम्प कार्बाइन ९ मिमीमध्ये स्मिथ अँड वेसनच्या ५९ मालिकेची मॅगझिनं घ्यायची आणि .४५ मध्ये १९११ ची. बेरेटाची सीएक्स४ स्टॉर्म २००३ मध्ये आली ती बेरेटाच्याच पिस्तुलांच्या मॅगझिनांवर. रुगरची पहिली पोलिस कार्बाइनही रुगरच्याच. पुढे २०१७ च्या शेवटी रुगरने नवी पीसी कार्बाइन आणली, तेव्हा तिच्या मॅगझिनचा खोबणीचा भागच बदलता येण्यासारखा केला आणि ग्लॉकची मॅगझिनं चालतील अशी सोय दिली. प्रतिस्पर्ध्याच्या मॅगझिनसाठी आपल्या बंदुकीत जागा करून देणं कुठल्याही कंपनीला सुखाचं नसणार. पण गिऱ्हाइकाच्या कपाटात काय पडलेलं आहे, ते त्यांना कळलं होतं.

घेण्याआधी मी हाताला मिळतील त्या कार्बाइन उडवून पाहिल्या. काही रेंजवर भाड्याने मिळाल्या, काही ओळखीच्यांनी दिल्या. पहिली होती एआर-१५ या रायफलच्या धाटणीची ९ मिमी, साध्या ब्लोबॅकची (ही यंत्रणा काय ते पुढे येतं). शेजारी माझीच .२२३ ची एआर-१५ ठेवली होती. अपेक्षा अशी की ९ मिमी म्हणजे लोण्यासारखी चालेल. तसं झालं नाही. .२२३ चा धक्का लांबट आणि मऊ, तर ९ मिमीचा छोटा पण खणखणीत. दर गोळीला नेम धरायच्या काचेतला लाल ठिपका (रेड डॉट) हिसका खाऊन वर जायचा आणि बोल्ट पुढे आपटला की पुन्हा हलायचा. पीसीसी पहिल्यांदा हातात घेणारे जवळजवळ सगळेच हे बोलून दाखवतात, आणि कारण कळलं की आडवळणाच्या कॅलिबरचा निम्मा हिशेब तिथेच उलगडतो.

एआर-१५ मध्ये गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणारा सरकता ठोकळा, फिरून कुलूपबंद असतो. मग नळीतला वायू मागे येऊन त्याला सोडवतो. साध्या ब्लोबॅकमध्ये असं कुलूप नसतंच. दाराला कडी नाही, आतून जड धोंडा टेकवून ठेवलाय, असा तो कारभार. गोळी पुढे निघते त्याच क्षणी पुंगळी बोल्टला मागे ढकलू लागते आणि तो लगेच उघडू नये म्हणून त्याला निव्वळ वजनाने आणि स्प्रिंगने रोखून धरायचं असतं. म्हणून ९ मिमीच्या एआरमध्ये बोल्ट आणि त्याच्यामागचा बफर हा धक्का झेलणारा तुकडा मिळून अर्धा किलोच्या वर वजन मागेपुढे धावत असतं. खांद्याला जाणवतो तो मुख्यतः या वजनाचा दणका.

आता हे वजन किती लागणार ते दाबावरून ठरत नाही. ते ठरतं गोळीच्या संवेगावरून, म्हणजे वजन गुणिले वेग. ९ मिमीची ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सेकंदाला ११५० फूट धरली तर आकडा येतो सुमारे १ लाख ३२ हजार. .४५ ची २३० ग्रेनची गोळी ८५० फुटांनी: १ लाख ९५ हजार. १० मिमीची १८० ग्रेनची १२०० फुटांनी: २ लाख १६ हजार. म्हणजे .४५ चा दाब ९ मिमीपेक्षा कितीतरी कमी असूनही तिला जवळजवळ दीडपट मोठा धोंडा लागतो. ".४५ चा दाब कमी, मग कार्बाइनमध्ये ती मवाळच असणार" असं मला एकाने अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं. कागदावर हा गुणाकार मांडून दाखवला तेव्हा तो गप्प बसला, पण पटलं नसावं.

नंतर विलंबित ब्लोबॅकच्या, म्हणजे बोल्ट उघडायला मुद्दाम उशीर लावणाऱ्या, बंदुका आणि एक कुलूपबंद बोल्टची मिळाली आणि फरक कळला. एमपी५ च्या घराण्यात दोन रोलर बोल्टला उघडायला वेळ लावतात; सीएमएमजीच्या रेडियल प्रकारात बोल्टचं डोकं फिरून उघडतं आणि तेवढा विलंब मिळतो; सिगच्या एमपीएक्समध्ये तर वायूचा पिस्टन आणि फिरणारा बोल्ट आहे, म्हणजे ती थेट रायफलचीच यंत्रणा. तिघींतही बोल्ट हलका ठेवता येतो, आणि हलका बोल्ट म्हणजे स्थिर ठिपका. रुगरने साध्या ब्लोबॅकमध्येच बोल्टच्या आत टंगस्टनचं सरकतं वजन घालून दणका बोथट केलाय, तोही हाताला चांगला वाटला. १० मिमीची साध्या ब्लोबॅकची एक कार्बाइन मित्राने दिली होती. कमी भाराच्या काडतुसांवर ती ठीक होती. जोरकस काडतुसं घातल्यावर मी मॅगझिन अर्ध्यावर सोडून तिला परत केली. खांद्याला त्रास झाला असं नाही, पण लक्ष्याकडे पाहावंसंच वाटेना. १० मिमीची कार्बाइन घ्यायची तर ती विलंबित यंत्रणेचीच घ्यावी, हे माझं मत तिथे पक्कं झालं आणि अजून बदललेलं नाही.

लांब नळीने काय मिळतं, याबद्दल बाजारात बराच धूर आहे. १६ इंच हा आकडा काडतुसाने ठरवलेला नाही, कायद्याने ठरवलाय. अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने रायफलच्या नळीला किमान लांबी घातली; ती आधी १८ इंच होती, १९६० मध्ये १६ झाली. त्याहून आखूड नळी आणि खांद्याचा दस्ता हवा असेल तर वेगळी नोंदणी लागते. म्हणून दुकानातल्या बहुतेक पीसीसी १६ इंचांच्या. .४५ च्या पुंगळीतली दारू त्याच्या कितीतरी आधी जळून संपलेली असते. माझ्या क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, २३० ग्रेनचं तेच काडतूस पिस्तुलापेक्षा कार्बाइनमधून सेकंदाला जेमतेम शंभर फुटांनी जास्त वेगाने गेलं. ९ मिमीच्या हलक्या गोळीला दीडशे-दोनशे फूट मिळतात, १४७ ग्रेनच्या जड गोळीला फारच थोडे. खरा लाभ मॅग्नम काडतुसांना आहे: .३५७ मॅग्नमला चार इंची रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत चारशे-पाचशे फुटांची वाढ मिळते, आणि मग ते काडतूस पिस्तुलाचं राहतच नाही. तेव्हा "लांब नळीमुळे .४५ जबरदस्त होते" असं कोणी सांगू लागलं तर ऐकून घ्यावं आणि खरेदीचा निर्णय दुसऱ्या कारणाने घ्यावा.

.४५ च्या या मंदपणाचा एक फायदा मात्र मला हवा होता. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट. १६ इंचांच्या नळीतूनही २३० ग्रेनची गोळी त्याच्या बरीच खाली राहते, त्यामुळे हवेत फटकारा उमटत नाही. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाशी लावायचा आवाज दाबणारा नळकांडा, लावला की उरतो तो बोल्टचा खडखडाट आणि लक्ष्याच्या पत्र्यावर गोळी बसल्याचा टणत्कार. ९ मिमीमध्ये हेच हवं तर खास जड गोळ्यांची काडतुसं घ्यावी लागतात; .४५ चं नेहमीचं काडतूसच तसं असतं. सप्रेसर वापरणाऱ्यांनी .४५ चा विचार करावा तो या एका कारणासाठी. बाकीची कारणं जुळवाजुळवीची आहेत, माझी धरून.

एवढं सगळं झाल्यावर मी जी घेतली ती साध्या ब्लोबॅकची. का? कारण ती ग्लॉक २१ ची मॅगझिनं घेत होती, वापरलेली असल्याने परवडत होती आणि विलंबित यंत्रणेच्या .४५ ला लागणाऱ्या पैशांत काडतुसं भरायला लागणारी माझी वर्षभराची बंदुकीची दारू आणि गोळ्या आल्या असत्या. घ्यायच्या आधी रेंजवरच्या एका जुन्या मित्राला सोबत नेलं. बंदुका दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली आहे. मी नळी कशी आहे, दस्ता कसा आहे ते पाहत होतो. तो म्हणाला, "अरे, बंदूक नंतर बघ. हिची एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग उद्या तुटली तर ती कुठून आणशील ते आधी सांग."

दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिथेच उभ्या उभ्या फोनवर शोधलं. मुख्य स्प्रिंग आणि बफर दुसऱ्या एका सर्वसाधारण मॉडेलचा चालत होता. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारी नखी, मात्र तिचा स्वतःचाच, आणि तो एकाच विक्रेत्याकडे शिल्लक होता. मी बंदुकीच्या आधी तो मागवला. उत्पादन बंद होणं ही तितकीशी वाईट गोष्ट नाही, हेही त्याच दिवशी मित्राने समजावलं. मार्लिनच्या कॅम्प कार्बाइनचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. तिच्यातला प्लॅस्टिकचा बफर वयाबरोबर कुरकुरीत होऊन तुटतो, हे तिच्या मालकांना ठाऊकच असतं. पण ती विकली गेली होती भरपूर, त्यामुळे नवे बफर आणि जास्त ताकदीच्या स्प्रिंगा लोक आजही बनवून विकतात. याउलट काल बाजारात आलेली, पण शंभरातल्या एकानेही न घेतलेली बंदूक दोन वर्षांत अनाथ होऊ शकते. तेव्हा वय पाहू नये, तिच्यामागे माणसं किती आहेत ते पाहावं.

दुकानात मी काय काय तपासलं ते सांगून टाकतो. स्वतःची मॅगझिनं नेली होती; त्यातलं प्रत्येक घालून पाहिलं, वर ढकलल्यावर किती हलतं ते पाहिलं आणि रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकतो का ते पाहिलं. नीट अडकत नव्हता, तीनापैकी एकावरच अडकायचा. ग्लॉक मॅगझिन घेणाऱ्या एआर धाटणीच्या बंदुकांत हे दुखणं सर्रास आढळतं, कारण पिस्तुलातला स्लाइड अडवणारा खटका जिथे असतो तिथे कार्बाइनच्या बोल्टचा अडसर नसतो. मधे एखादा दांडा घालून काम भागवावं लागतं आणि जड बोल्टच्या माराने तो दांडा झिजतो किंवा वाकतो. मी हे कारण सांगून किंमत उतरवून घेतली. मग बोल्टच्या तोंडाचा भाग, एक्स्ट्रॅक्टरची नखी, खटका ओढल्यावर घाव घालणाऱ्या हातोडीच्या पिनांभोवतीची भोकं. ही भोकं लांबट झालेली दिसली तर बंदूक तिथेच ठेवून यावी. जड बोल्ट दर वेळी हातोडीवरून जाताना पिनांवर भार टाकतो आणि बरीच वापरलेली ब्लोबॅक बंदूक पहिल्यांदा इथे कुरकुरते. कागदपत्रं, तपासणी वगैरे नेहमीसारखं पार पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

झीरो करायला, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवायला, मी पन्नास यार्ड घेतले. रेड डॉट नळीच्या मध्यापासून अडीच इंच वर आहे, त्यामुळे सात यार्डांवर गोळी दीड इंच खाली बसते. पंचवीसवर ती जवळजवळ ठिपक्यावर, पन्नासवर ठिपक्यावर. शंभर यार्डांवर नऊ इंच खाली, म्हणजे वीतभर. दीडशेवर अडीच फूट. शंभरच्या पुढे .४५ ची गोळी म्हणजे लांबून टाकलेला उखळी तोफगोळा. पण त्यातही एक मजा आहे. शांत दिवशी शंभर यार्डांवरच्या पत्र्यावर वीतभर वर धरून गोळी सोडायची, मनात थोडं थांबायचं आणि मग टण्ण. ९ मिमीच्या वेगवान गोळीत ही वाट पाहण्याची मजा नाही. हे कारण कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात बसत नाही, पण ही बंदूक मी विकली नाही त्यामागे त्याचा वाटा आहे.

बंदुकीने पहिल्या काही महिन्यांत नाकंही मुरडली. गोल नाकाच्या गोळ्या बिनबोभाट चालायच्या. सपाट नाकाच्या आणि पोकळ टोकाच्या गोळ्या मात्र रॅम्पवर, म्हणजे काडतूस नळीत चढवणाऱ्या उतारावर, अडायच्या, विशेषतः मॅगझिन पूर्ण भरलेलं असताना. पिस्तुलात तीच काडतुसं नीट चालत होती. फरक कोनाचा आहे: पिस्तुलात मॅगझिन नळीच्या अगदी जवळ येतं आणि काडतूस थोडंसं चढून आत जातं, कार्बाइनमध्ये मधलं अंतर आणि चढण दोन्ही बदलतात, शिवाय मागून जड बोल्ट दणकन ढकलतो. मित्राने रॅम्पला हात लावू दिला नाही. म्हणाला, "घासलेलं परत चढवता येत नाही. आधी काडतुसाची लांबी बदल." गोळी किंचित बाहेर ठेवून, मॅगझिनमध्ये बसेल इतपत लांबी वाढवून भरली, तेव्हा सपाट नाकाचं बहुतेक दुखणं गेलं. पोकळ टोकाच्या गोळ्या मी तिच्यात घालतच नाही. पत्र्यावर आणि कागदावर उडवायला त्यांची गरजही नाही.

ब्लोबॅक बंदूक घाण करते. चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, लवकर उघडत असल्याने काजळी आणि न जळलेले कण मागे, थेट खटक्याच्या यंत्रणेत येतात. सप्रेसर लावला की दुप्पट. चेंबरकडे मात्र खरंच लक्ष द्यावं लागतं. काडतूस पूर्ण आत बसलेलं नसताना फुटलं तर पुंगळीला मागून आधार राहत नाही आणि साध्या ब्लोबॅकमध्ये ते घडण्याची शक्यता कुलूपबंद यंत्रणेपेक्षा जास्त असते. म्हणून हाताने भरलेलं प्रत्येक काडतूस मी चेंबरच्या मापाच्या गेजमध्ये टाकून पाहतो. पिस्तुलाच्या बाबतीत इतका काटेकोर नव्हतो.

मग सामने. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेने २०१६ मध्ये आपल्या सामन्यांत पीसीसीचा विभाग सुरू केला आणि पीसीसीच्या बाजाराला जो वेग आला त्याचं मोठं श्रेय माझ्या मते त्यालाच जातं. .४५ ची कार्बाइन घेऊन तिथे जाण्यात नियमांच्या दृष्टीने काहीच फायदा नाही. पिस्तुलाच्या काही विभागांत जोरकस काडतुसाला जास्त गुण मिळतात: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग भागिले हजार हा आकडा १६५ च्या वर गेला की तो मेजर, १२५ च्या वर मायनर. माझा आकडा दोनशेच्या पुढे. पण पीसीसी विभागात सगळ्यांनाच मायनरचे गुण. म्हणजे दीडपट धक्का सोसायचा आणि गुण तेवढेच. शिवाय सामन्यातल्या मोठ्या स्टेजला (एका फेरीच्या मांडणीला) ३२ गोळ्यांपर्यंत लागतात. ९ मिमीवाला ३३ गोळ्यांचं एकच लांबलचक मॅगझिन लावून उभा राहतो, आणि मी १३ ची मॅगझिनं पट्ट्यात खोचून. वाढीव मॅगझिनं .४५ लाही मिळतात, पण ती लांब, जड आणि माझ्या बंदुकीत तरी लहरी. गंभीरपणे सामने खेळायचे तर ९ मिमीच घ्या, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. स्टील चॅलेंज या पत्र्यांवर वेगाने नेम धरायच्या सामन्यात मात्र माझी ही बया शोभून दिसते. प्रत्येक फेरीला पाच पत्रे, मॅगझिन बदलायची घाई नाही, आणि धावपळ फार नाही. जिंकत नाही. पण .४५ ची गोळी पत्र्यावर बसल्याचा आवाज ऐकून शेजारच्या रांगेतले वळून पाहतात, तेवढ्यावर मी खूश असतो.

रेंजवर ही बंदूक पाहिली की लोक विचारतात, "आम्हीपण घेऊ का?" माझं उत्तर विचारणाऱ्याच्या कपाटावर अवलंबून असतं. त्याच्याकडे एकही पीसीसी नसेल तर नको. पहिली ९ मिमीचीच, आणि ज्या पिस्तुलाची मॅगझिनं त्याच्याकडे आहेत त्याच मॅगझिनांची. दुसरी घेत असेल तर त्याच्याकडे त्या कॅलिबरचं पिस्तूल आहे का, तो काडतुसं भरतो का, हे विचारतो. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर १० मिमी किंवा .४५ ची कार्बाइन पहिल्या हंगामानंतर भिंतीला टेकते, कारण बाजारातलं काडतूस ९ मिमीपेक्षा बरंच महाग पडतं आणि महागड्या काडतुसाची बंदूक माणूस कमी उडवतो. पीसीसीचं खरं काम भरपूर उडवणं हेच आहे. ते जर होत नसेल तर मग ती कशालाच नाही.

.४० ची गोष्ट जरा वेगळी. १९९० मध्ये आलेलं हे काडतूस अमेरिकी पोलिसांत वर्षानुवर्षं चाललं, मग एफबीआय ९ मिमीकडे परतली आणि मागोमाग बाकीचेही. त्यामुळे वापरलेली .४० ची पिस्तुलं आणि मॅगझिनं स्वस्तात मिळतात, आणि ज्याला आवाज, धक्का यांची फिकीर नाही त्याला .४० ची कार्बाइन चांगल्या सौद्यात सापडू शकते. ५.७ ला धक्का जवळजवळ नाहीच, गोळी सपाट जाते, शंभर यार्डांवर ती माझ्या .४५ ची थट्टा करते. मात्र तिची पुंगळी भरणं जिकिरीचं, तिच्यावरचा लेपही सांभाळावा लागतो. म्हणजे ५.७ वाला बाजाराच्या मर्जीवर. आणि हाय-पॉइंट कंपनीची कार्बाइन? दिसायला ती कोणालाच आवडत नाही. पण .३८० पासून १० मिमीपर्यंतची कॅलिबरं तिने अत्यंत कमी पैशांत उपलब्ध करून दिली आहेत, आणि आडवळणाचं कॅलिबर निव्वळ चाखून पाहायचं असेल तर तिला हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

माझ्या कार्बाइनमध्ये आता मी किंचित जास्त ताकदीची स्प्रिंग आणि जड बफर घातलाय. दणका जरा लांबला, मवाळ झाला, आणि पुंगळ्या आता शेजारच्या रांगेत न जाता माझ्याच उजव्या बाजूला पडतात. भरणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं. मागवलेला एक्स्ट्रॅक्टर अजून पाकिटातच आहे. बोल्ट अडवणारा दांडा मात्र मित्राने नव्याने बनवून दिला, कारण बाजारात तो मिळालाच नाही. तो मित्र नसता तर शेवटच्या गोळीनंतर रिकामा खटका ओढत बसलो असतो.

सध्या माझी नजर .३५७ च्या लिव्हर-अ‍ॅक्शनवर, म्हणजे खटक्याखालची दांडी ओढून काडतूस बदलायच्या रायफलवर, आहे. तिच्यात बोल्टच्या वजनाचा प्रश्न नाही, कारण तिथे कुलूप माणूस हाताने उघडतो. मॅगझिन शोधायचं नाही, ते नळीखालीच असतं. स्वस्तात उडवायचं तर .३८ स्पेशल तिच्यातच चालतं, आणि लांब नळीचा खरा फायदा घेणारं काडतूस .३५७ च आहे. भरायचं मात्र एकेक काडतूस, बाजूच्या झडपेतून अंगठ्याने दाबून. मित्र म्हणतो आधी एक भाड्याने घेऊन अंगठा सोलवून बघ.